घरचं, दुकानचं आणि सराफ्यातलं

(मंडळाच्या गणेशोत्सवात, इंदूर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता, ‘घरचं ते घरचं’. वक्त्याने विषय बदलू नये असा संकेत आहे, पण मी तो थोडा बदलणार आहे, आधीच सांगून ठेवते. कारण हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे, आणि ते म्हणणारा माणूस बहुतेक वेळा पाटावर बसलेला असतो. ओट्याशी उभं राहून कोणी असं म्हटल्याचं मला आठवत नाही. तेव्हा घरचं चांगलं की बाहेरचं, असा वाद आज घालायचा नाही. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत काय शिजतं, ते सामान कुठून येतं, आणि उद्या ते कोण शिजवणार, एवढ्याबद्दल बोलते.

आधी ‘घरचं’ म्हणजे काय ते बघू. पुण्याची पाहुणे मंडळी आपल्याकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला धक्का पोह्यांचा बसतो. त्यांचे कांदेपोहे कढईत फोडणीवर परततात, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. आपल्याकडे पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्याच्या वाफेवर पोहे गरम राहतात, त्यात बडीशेप, चवीला साखर, वरून कच्चा कांदा, शेव, लिंबू आणि जिरावण. बाजूला जलेबी. आमच्या नणंदबाईंच्या जाऊबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, “पोह्यांवर शेव? आणि जोडीला जिलबी? हे न्याहारीचं आहे की दिवाळीचं?” पण जाताना त्यांनी जिरावणची अर्धा किलोची पुडी बांधून नेली. दर वर्षी मागवतात.

आता ह्यात आपलं काय आणि मालव्याचं काय? होळकरांच्या मागोमाग अठराव्या शतकापासून आपली माणसं इकडे आली. नंतर दरबारच्या नोकऱ्या, शाळा-कॉलेजं, मिला, रेल्वे, बँका. पोहे आपल्याबरोबरच आले असं इथली हिंदी मंडळीही मोकळेपणाने सांगतात. खरंखोटं इतिहासकारांनी ठरवावं. मी एवढंच बघते की पोहे आले असतील आपल्याबरोबर, पण राहिले ते इथल्या तऱ्हेने. साबुदाण्याच्या खिचडीचंही तसंच. घरी आपण दाण्याचं कूट घालून तुपावर परततो. राजवाड्याजवळ आणि सराफ्यात मिळते ती वाफवलेल्या साबुदाण्याची, त्यात बटाट्याचा फराळी चिवडा, मसाला, लिंबू, सगळं समोर कालवून देतात. माझ्या सासूबाई कडक एकादशीवाल्या. त्या म्हणायच्या, “घरची खिचडी उपासाची, सराफ्यातली उपास सोडण्याची.” दोन्ही आवडीने खायच्या.

मोदकांचं घ्या. कोकणातली माणसं उकडीचे मोदक हेच खरे मोदक असं मानतात. इथे समुद्र शेकडो किलोमीटरवर. जुन्या काळी ओला नारळ म्हणजे पूजेला एक, तोही जपून वापरायचा. म्हणून आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या तळणीचे मोदक, सुकं खोबरं, खसखस आणि पिठीसाखर घालून. ह्या वर्षी एका तरुण सुनेने मला विचारलं, “काकू, तळणीचे चालतात ना? नेटवर सगळे उकडीचेच दाखवतात.” मी म्हटलं, बाई, बाप्पा इथे राहून इंदुरी झाला, त्याला चालतात.

पदार्थ बदलला तर मला फारसं वाईट वाटत नाही. शब्द जातो तेव्हा वाटतं. आपण भाजी हिंदीत आणतो आणि मराठीत शिजवतो, हे आपलं वर्षानुवर्षांचं चाललंय. ठेल्यावर ‘गिल्की’ मागायची, घरी येऊन ‘घोसाळी’ चिरायची. बाहेर तुरई, घरी दोडका. बाहेर बालोर, घरी घेवडा. लौकी-दुधी, कद्दू-लाल भोपळा, परमल-चुरमुरे. पूर्वी हा बदल उंबऱ्यावर व्हायचा. चपला काढल्या की शब्द बदलले. आता माझा नातू ओट्याशी येऊन विचारतो, “आजी, आज गिल्की का?” घोसाळी म्हटलं की त्याला वाटतं मी कोणाचं आडनाव सांगते आहे. घोसाळ्याची भजी मात्र ताटभर खातो. आमची सून इथल्याच माळवी घरातली, तिचं मराठी आता माझ्यापेक्षा स्वच्छ आहे, पण भाजीचे शब्द तिने मुद्दाम लिहून घेतले, फ्रिजवर चिकटवले. दोन रकाने, एकीकडे ठेल्याचा शब्द, दुसरीकडे घरचा. चौतीस शब्द झालेत. ज्यांना हवा त्यांनी तो कागद माझ्याकडून घ्यावा.

आता दुकानाकडे येते. इथे मला बरंच बोलायचं आहे, कारण घर चालतं ते यादीवर.

आमच्या लहानपणी एप्रिल-मे म्हणजे गव्हाचा हंगाम. वर्षाचा गहू एकदम घ्यायचा. शरबती पोळीला, आणि बाफल्याला, लाडवाला मालव्याचा जाड, कडक गहू वेगळा. गच्चीवर ऊन द्यायचं, चाळायचं, निवडायचं, एरंडेल चोळायचं, कोठीत भरायचं. आठ दिवस घरात कोणाला पाठ टेकायला जागा नसायची. तूरडाळ, मिरच्या, हळद, चिंच तेव्हाच. किराणा सियागंजातून, मसाल्याचं सामान मारोठिया बाजारातून. आमसूल आणि मेतकूट इथे मिळायचं नाही. ते पुण्याच्या गाडीने यायचं, कोणाच्या तरी पिशवीत, आणि त्याच पिशवीतून परत लवंगेची शेव जायची. मालवा-महाराष्ट्र संबंध त्या पिशवीने टिकवले असं माझं मत आहे.

हे सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. त्या आठ दिवसांत आमच्या आईची कंबर जायची. आता गहू दळून, पाकिटात घालून दारात येतो आणि त्याबद्दल मी कंपन्यांना नावं ठेवत नाही. पण यादी गेली, त्याचं काय? महिन्याची यादी करायची म्हणजे डबे उघडून बघायचे. साखर किती उरली, पाहुणे किती येणार, अधिक महिना आहे का, मुलांच्या परीक्षा कधी. तो एक महिन्याचा विचार होता. आता फोनवर बोट ठेवलं की दहा-पंधरा मिनिटांत मुलगा दारात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभा. डिलिव्हरीचे पैसे वाचावेत म्हणून जुडीबरोबर बिस्किटं, बिस्किटांबरोबर सॉस. मी वही ठेवते, ही सवय बँकेच्या नोकरीतून आलेली. एका महिन्यात आमच्याकडे असा मुलगा सतरा वेळा आला. घरात माणसं किती? दोन. सून-मुलगा वरच्या मजल्यावर, त्यांचा हिशोब त्यांच्याकडे.

बायकांनो, आणि पुरुषांनोही, पाकीट घेताना दोन गोष्टी बघत जा. एक, घटकांची यादी. त्यात जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो पहिला लिहावा लागतो, मग उतरत्या क्रमाने. ‘बदाम’ अशी मोठी अक्षरं समोर असतात आणि मागे पहिलं नाव साखर, बदाम आठवा. दुसरी, वजन. भाव तोच राहतो आणि शंभर ग्रॅमचे नव्वद, नव्वदचे पंच्याऐंशी होतात. हल्ली पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भावही बारीक अक्षरांत छापलेला असतो. चष्मा लावा आणि तोच बघा. मोठं पाकीट स्वस्त पडतंच असं नाही, हे त्यावरून कळतं.

तेलाबद्दल घराघरांत मतं आहेत, त्यात मी पडत नाही. आपण सोयाबीनच्या पट्ट्यात राहतो, देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे, त्यामुळे बहुतेक घरांत सोयाबीनचंच तेल येतं. फक्त गोड्या वरणावर तेल घालू नका. तूप घाला, चमचाभर घाला, पण तूप.

भाजीचं आणखी एक सांगते. ठेलेवाला भैया भाजी घेतली की वर मिरची-कोथिंबीर फुकट टाकतो. ऑनलाइन कोथिंबिरीला पैसे पडतात. पण मुद्दा पैशांचा नाही. आमचा भाजीवाला दोन दिवस मी खाली आले नाही तर बेल वाजवून विचारतो, “माताजी, तबीयत ठीक है ना?” हा प्रश्न ॲपवर कुठे छापलेला नाही.

आणि जास्त आणलेलं सडतं. आपल्या शहराला स्वच्छतेचं बक्षीस २०१७ पासून वर्षामागून वर्ष मिळत गेलं, ओला-सुका कचरा वेगळा करायला लहान पोरंही शिकली. देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीत मोठा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यायची त्याची ताकद आहे, त्यातून गॅस तयार होतो, त्यावर शहरातल्या बस चालतात. फार चांगलं काम आहे. पण एक शेजारीण मला म्हणाली, “पालक सडला तरी आता वाईट वाटत नाही, बस तर चालते ना.” मला ते काही पटलं नाही. साली, देठं बसला द्या. पालक आपण खाऊ.

आता बाहेर खाण्याबद्दल. इंदूरमध्ये उभं राहून बाहेर खाऊ नका असं सांगणारा माणूस एकतर आजारी असावा किंवा उज्जैनचा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर रात्री दीड-दोनपर्यंत खाणं, असा सराफा जगात किती ठिकाणी असेल? पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, त्यावर लिंबू आणि मसाला. अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या बघायला रात्रभर रस्त्यावर असताना कोणती गृहिणी घरी कुकर लावून गेली आहे? सराफा, छप्पन दुकान हे आपल्या स्वयंपाकघराचं बाहेरचं दालन आहे असंच मी धरून चालते.

बाहेर खाण्याने बाईला एक संध्याकाळ मिळते, हे मात्र मोकळेपणाने कबूल करायला हवं. पूर्वी ती नाटक-सिनेमाच्या निमित्ताने मिळायची. आता निमित्त लागत नाही, हे बरंच झालं. शनिवारी रात्री सगळे बाहेर जेवतात आणि रविवारी सकाळी पुरुषमंडळी म्हणतात, “पोट जड झालंय, आज साधंच कर, वरणभात, भाजी, कोशिंबीर, पोळी.” साधं! ह्या साध्याला चार गॅस आणि दीड तास लागतो. तोंडाला चव नसली की साधं मागणाऱ्याने निदान काकडी तरी चोचवावी.

माझी तक्रार वेगळी आहे. ह्या सगळ्या खाण्याच्या शहरात पोटभर मराठी जेवण विकत मिळायची जागा फार थोडी. वडापाव, मिसळ मिळते. पण आमटी, भरलं वांगं, पालकाची ताकातली भाजी, मऊ भात, मेतकूट? आजाऱ्याला, म्हाताऱ्याला लागतं ते हेच. आणि ते घरी करणारे हात कमी होत चालले. आजच्या बोलण्यातलं मला खरं जे सांगायचं होतं ते इथून पुढे आहे.

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठेही चक्कर मारा. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेला. घरात दोघं, किंवा एकटं. दोघं असतात तोवर दोन वाट्यांचा स्वयंपाक होतो. एक गेलं की काय होतं ते मी आमच्या गल्लीत बघितलं. बाई मागे राहिली तर म्हणते, “एकटीसाठी कशाला गॅस पेटवू?” मग सकाळी चहा-खारी, दुपारी दहीपोहे, रात्री दूध. सहा महिन्यांत डॉक्टर सांगतात, वजन उतरलंय, रक्त कमी आहे. पुरुष मागे राहिला तर त्याला डाळ आणि पाण्याचं प्रमाणही माहीत नसतं. डबा लावतात. डब्यात रोज पनीर किंवा बटाटा, त्यावर तेलाचा तवंग. पंधरा दिवसांत ॲसिडिटी. मुलं व्हिडिओ कॉलवर विचारतात, “बाबा, जेवलात ना?” बाबा म्हणतात, “हो, हो.”

आमच्या गल्लीत गेल्या कार्तिकापासून आम्ही चार घरांनी एक सुरू केलं. मोठी योजना वगैरे नाही. चार घरं, मिळून सहा माणसं. सोमवार ते गुरुवार, रोज एका घराने सहा जणांची भाजी किंवा आमटी करायची, बारा वाजेपर्यंत डबे पोचवायचे. पोळी-भात ज्याचा त्याने. शुक्रवार ते रविवार आपलं आपण, ज्याला सराफ्यात जायचंय त्याने जावं. पैशांचा हिशोब नाही, ज्याचा वार त्याने आणायचं. चार दिवसांतून एकदाच भाजीचं काम, आणि ते सहा जणांसाठी, म्हणून ‘एकटीसाठी कशाला’ हा प्रश्नच उरत नाही.

नियम पुढे पुढे ठरत गेले. रिकामा डबा परत करायचा नाही ही आपली जुनी रीत. ती आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवून बंद केली. नाहीतर घोसाळ्याच्या भाजीच्या डब्यातून बर्फी परत, बर्फीच्या डब्यातून करंज्या, आणि गुडघे धरून बसलेल्या बायका स्पर्धेला लागल्या. आता डबा धुऊन, रिकामा. दुसरा नियम, मिठाबद्दल बोलायचं नाही. कमी असलं तर वरून घ्यावं. तिसरा, चातुर्मासात कांदा-लसूण कोणाला चालत नाही ते आषाढातच सांगावं. आमटीत गूळ किती, ह्यावर मात्र अजून एकमत नाही. एक घर मूळचं देवासचं, तिथे गूळ जवळजवळ नाही, आमच्याकडे सुपारीएवढा. ह्यावर भांडण झालं, दोन दिवस बोलणं बंद होतं, डबे मात्र येत-जात होते.

चौथ्या घरात एकटे काका. वय त्र्याहत्तर. त्यांचा गुरुवार. पहिले तीन गुरुवार त्यांनी सहा जणांना कचोऱ्या आणल्या. कोणी काही बोललं नाही, बाहेरचं आणायचं नाही असा नियम नव्हताच. चौथ्या गुरुवारी दहा वाजता माझ्याकडे आले, “वहिनी, मुगाच्या खिचडीला पाणी किती?” मी सांगितलं, एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी, आपलं सहा जणांचं म्हणून सगळं दुप्पट. हे वाटीचं माप मला सोपं वाटतं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि लग्नात मुलींना द्यायची पद्धत पडली ती त्या वाटी-चमच्याच्या मापांमुळेच. काकांनाही मी तेच पुस्तक दिलं. ते म्हणाले, “हे बायकांचं आहे ना?” मी म्हटलं, त्यात तसं कुठे लिहिलेलं नाही.

त्या दिवशीची खिचडी थोडी खाली लागली होती. सहाही डबे रिकामे परत आले. आता काका गुरुवारी आमटी, पिठलं, कढी करतात. पिठल्याच्या गुठळ्या अजून राहतात. पण त्यांच्या मुलाचा बेंगळुरूहून मला फोन आला, “काकू, बाबा हल्ली फोनवर फक्त भाज्यांचे भाव सांगतात.” तो तक्रार करत होता की आनंदात होता, ते फोनवर कळलं नाही.

कार्यकारिणीने महाप्रसाद ह्या वर्षी केटररला दिला आहे. तीनशे पानं आहेत, आपल्याला उठबस होत नाही, दिलं ते ठीकच केलं. मटार-पनीर मात्र पुढच्या वर्षी नको, त्याऐवजी अळूची पातळ भाजी करायला सांगा, करणारे आचारी शहरात आहेत. आणि एक पदार्थ, निदान कोशिंबीर, सभासदांनी आपल्या हाताने करावी. काकड्या चोचवायला पुरुषांची नावं आधी घ्यावीत.

चार-चार घरांचे गट आणखी होऊ शकतात. त्यासाठी फार लांबची घरं नकोत, डबा गरम असताना चालत पोचता यावं इतपत जवळची हवीत. ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी प्रसादाच्या टेबलावर, पेढ्यांच्या ताटाशेजारी वही ठेवली आहे. नाव, गल्ली, कोणता वार जमेल, आणि काय चालत नाही एवढंच लिहा. स्वयंपाक येत नसेल तर तसं लिहा, शिकवणारं घर त्याच गटात देऊ. डबा स्टीलचा आणा, झाकण घट्ट बसणारं, आणि त्यावर नाव घालून आणा, नाहीतर परत मिळायचा नाही.